देवाचं घर शेवटी

घर बांधायला अक्कल लागते म्हणतात. आमच्या बिनोदगंजात घर मोडायला लागते. गंगा काठ खायला लागली की पाणी उंबऱ्याशी येईपर्यंत थांबतो तो मूर्ख. शहाणा माणूस आधी पत्रे उतरवतो, मग दारं-खिडक्या, मग आढं, मग विटा. आढं उतरलं की घर मोडलं असं आम्ही धरतो. मग विटा झटकायच्या, गाडीत भरायच्या आणि कोसभर आत जाऊन त्याच विटांचं पुन्हा घर उभं करायचं. मी लग्न होऊन ज्या घरात आले ते आता नदीच्या मधोमध आहे. तिथे मासे संसार करतात. त्यानंतरची दोन घरंही तिकडेच. तेव्हा घर मोडण्याचं रडगाणं मी कुणापुढे गाणार नाही.

एक नियम मात्र आमच्याकडे बाप-आजापासून चालत आलाय. देवाचं घर शेवटी. आळीतली माणसांची सगळी घरं मोडून झाल्याशिवाय देवळाच्या विटेला हात लावायचा नाही. आधी देऊळ मोडलं म्हणजे गंगेला पान-सुपारी देऊन आवतण दिलं, की ये बाई, आम्ही हरलो. मशिदीलाही हाच नियम. कासीम गवंड्याच्या बापाने जुनी मशीद उतरवली, तीही सगळ्यांत शेवटी.

आमचे हे, भवतारण कुंडू, हायस्कुलात इतिहास शिकवायचे. सगळं गाव मास्तर म्हणायचं म्हणून मीही मास्तरच म्हणायची. मूलबाळ झालं नाही. त्यांनी शाळेतली पोरं मानली आणि मी त्यांनाच पोर मानलं, कारण वागणं तसंच होतं. जेवायला वाढावं तर माणूस जागेवर नाही. रेशमाच्या व्यापाऱ्याचा वाडा बघायला गेलेत, निळीच्या कारखान्याचं धुराडं मोजायला गेलेत, कुठल्याशा घाटाची पायरी खरवडत बसलेत.

मी म्हणायची, "अहो, ज्या गावात वीट दहा वर्षं एका जागी टिकत नाही, त्या गावाला कसला आलाय इतिहास?"

"म्हणून तर," ते म्हणायचे, आणि भात चिवडत बसायचे.

वाडा गेला, धुराडं गेलं, घाटही गेला. मास्तर एकेकाचं सुतक पाळल्यासारखे दोन दिवस गप्प असायचे. शेवटी उरलं आमच्या आळीच्या टोकाचं राधाबिनोदाचं देऊळ. त्याच्या भिंतींवर भाजलेल्या मातीच्या पाट्या होत्या, हात-हातभर, आणि प्रत्येकीवर चित्र. वरच्या रांगांत कृष्ण, गोपी, युद्धं, म्हणजे कुठल्याही देवळात असतं तेच. पण खालच्या रांगांत आमचं गाव होतं. रेशमाच्या किड्यांची सुपं घेऊन बसलेल्या बायका. होडीत बंदूक घेतलेला टोपीवाला साहेब, आणि त्याच्या शेजारी बरगड्या दिसणारं कुत्रं. बाळंतिणीचे पाय धरलेली सुईण. एका पाटीवर तर दोघी एकमेकींच्या झिंज्या ओढत होत्या.

मास्तर त्या पाट्यांवरून हात फिरवायचे. एकदा मला म्हणाले, "अगं, ही आपली माणसं. यांचं दुसरं काही उरलेलं नाही. घर पाण्यात, मसण पाण्यात, नाव कुणाला ठाऊक नाही. एवढे चेहरे आहेत, बस."

"आणि मी आहे की अजून उरलेली," मी म्हटलं. "माझ्याकडे बघा कधीतरी."

ते हसले. बघितलं मात्र देवळाकडेच.

त्या वर्षी गंगेने आमच्या आळीचा रस्ता धरला. श्रावणात काठ आंब्याच्या बागेपलीकडे होता, भाद्रपद लागेस्तोवर अर्धी बाग गेली. मास्तरांनी जिल्ह्याला खेपा घातल्या. एक साहेब आले, देवळाचे फोटो काढले, शहाळं प्यायले आणि गेले. मग मास्तरांनी देवळाच्या अंगणात आळीची बैठक बोलावली.

"पाट्या आधी काढू या," ते म्हणाले. "घरं आपली आपण कधीही मोडू. पाट्या घाईत निघत नाहीत, फुटतात. त्यांना वेळ लागतो."

जणू पंगतीत कुणी गोमांस वाढलं. नित्यगोपाल गोसाई उठून उभा राहिला. देवळाचा पुजारी, मास्तरांच्या बरोबरीचा, दोघं एका बाकावर शिकलेले. "भवा, म्हातारपणी तुझं डोकं फिरलं. देवाला उघड्यावर काढायचं आणि आपण छपराखाली घोरत पडायचं?"

"देव नव्या घरात जाईल. मी भिंतीचं बोलतोय."

"भिंत म्हणजेच देव. माझ्या आजाच्या वेळी गंगा इथे येऊन थांबली होती, ह्या भिंतीपाशी. पुढे पाऊल टाकलं नाही तिने."

मास्तरांनी कासीमकडे पाहिलं. आमच्याकडची सगळी मोडतोड कासीमच करतो. त्याने मान खाली घातली. "मास्तर, तुम्ही सांगाल ते ऐकेन, पण ह्याला हात उचलणार नाही माझा. रामाचं असो, रहीमचं असो, शेवटी म्हणजे शेवटी."

"बरं," मास्तर म्हणाले. "शेवटी तर शेवटी. मग घरं मोडायला घ्या."

मला वाटलं, रागाने बोलले. सकाळी उठून बघते तर माणूस शिडी लावून आमच्याच छपरावर.

"अहो! खाली उतरा! वेड लागलंय का? पाणी अजून दिसतसुद्धा नाही इथून!"

"आपलं मोडल्याशिवाय दुसऱ्याला कुठल्या तोंडाने सांगू?"

"दुसऱ्याला सांगायला तुम्हाला कुणी नेमलंय? पावसापाण्याचे दिवस, मी झोपू कुठे? तुमच्या त्या मातीच्या बायकांच्या पंक्तीला जाऊन बसू?"

"ताडपत्री आणलीय," ते वरून म्हणाले आणि पहिला पत्रा खाली सोडला.

ताडपत्री आणलीय! मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पत्रे गेले, दारं गेली, आढं उतरलं. भिंती तशाच ठेवून स्वारी शेजाऱ्यांच्या दारात. शेजारणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. "काकी, काका ह्या वयात चळले म्हणायचे."

"चळायचं वय होतं तेव्हा पुस्तकं वाचत बसले," मी म्हटलं. "आता व्याजासकट चळतायत."

पण मनातून मी घाबरले होते. हा माणूस मला सोडून त्या भिंतीबरोबर जाणार, असं पोटात कुठेतरी बसलं होतं. ते हल्ली दुपारचे देवळाच्या नदीकडच्या अंगाला जाऊन बसायचे, पाट्यांच्या सांध्यांतला चुना नखाने कोरत. हत्यार लावायचं नाही हा शब्द पाळत होते, म्हणून नखाने. बोटं रक्ताळलेली असायची. मी हळद लावायची, आणि शिव्या घालायची.

पाणी जवळ आलं तशी आळी त्यांचं ऐकू लागली. एकेकाने पत्रे काढले. मास्तर प्रत्येकाच्या विटा उचलायला जायचे, आढं खाली आलं की लहान पोरासारखे टाळ्या वाजवायचे. लोकांची घरं मोडतायत आणि हा माणूस खूष! शेवटी एकच घर राहिलं, गोसाईचं, देवळाच्या भिंतीला चिकटून. तो काही हलेना.

मास्तर रोज जाऊन त्याच्या ओट्यावर बसायचे. रोज नन्नाचा पाढा ऐकून परत यायचे. शेवटी मीच गेले. गोसाई चंदन उगाळत होता.

मी म्हटलं, "गोसाई, आडवळणाने बोलत नाही. तुमचं घर मोडा."

"नवऱ्याने पाठवलं वाटतं."

"त्यांना कळलं तर माझ्यावर चिडतील. देवळाचं काय व्हायचं ते होवो, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. पण हा माणूस तिथून हलत नाही. तुमचं घर उभं आहे तोवर तो देवळाला हात लावणार नाही, आणि देऊळ उभं आहे तोवर काठ सोडणार नाही. एक दिवस काठ जाईल आणि तोही जाईल. मला माझा नवरा हवाय हो, दुसरं काही नको."

गोसाईचा हात थांबला. त्याने सहाण बाजूला सारली. मग म्हणाला, "वहिनी, हे देऊळ गेलं की मी कोण? आज लोक वाकून नमस्कार करतात. उद्या नव्या जागेत पत्र्याच्या खोलीत देव ठेवला की नुसता एक म्हातारा. भवाला काय, त्याला चित्रं नेता येतील. मला काय नेता येणार?"

मला त्याची दयाही आली आणि थोबाडीत द्यावीशीही वाटली. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. कधी कुणापुढे वाकले नव्हते, त्या दिवशी वाकले.

"एकादशी होऊ दे," तो म्हणाला. "एकादशीची पूजा ह्या देवळात करीन आणि द्वादशीला घर मोडायला देईन. शब्द दिला."

वद्य एकादशीला दोन दिवस होते. मी घरी येऊन मास्तरांना सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "तू केलंस? तू?" इतक्या वर्षांत एवढ्या प्रेमाने माझ्याशी कधी बोलले नव्हते.

त्या दोन दिवसांत पाणी उतरायला लागलं. परगावचा माणूस म्हणेल, बरं झालं. आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं, चढत्या पाण्याला भ्यायचं नसतं, उतरत्याला भ्यायचं. चढतं पाणी काठाला टेकून उभं असतं. ते उतरलं की काठाचा आधार जातो आणि भिजलेली माती बसकण मारते.

द्वादशीला सकाळी गोसाई राधाबिनोदाला मांडीवर घेऊन बैलगाडीत बसला. शब्दाला जागला, खोटं कशाला बोलू. पण त्याचं जुन्या बांधणीचं घर, साग आणि लोखंड, ते मोडता मोडता कासीमच्या माणसांच्या नाकी नऊ आले. दुपार कलली तेव्हा आढं खाली आलं. मास्तर छिन्नी-हातोडी घेऊन जे पळत सुटले!

मी ताडपत्रीखाली भांडी बांधत होते. आरडाओरडा ऐकून गेले तर कासीम देवळाच्या अंगणात ओणवा होऊन जमीन बघत होता. चिंचेच्या झाडापासून देवळापर्यंत एक भेग गेली होती, केसाएवढी.

"आता नाही, मास्तर," तो ओरडला. "आता देऊळ विसरा. माझं एकही माणूस आत जाणार नाही."

नदीकडच्या भिंतीमागून छिन्नीचा आवाज येत होता. मास्तरांचाही. "माणसं नकोत. तू नुसता हात दे. नखांनी सगळं सैल करून ठेवलंय, लोण्यासारख्या निघतायत."

कासीम मला हाताने मागे सारत म्हणाला, "काकी, पुढे नको." आणि स्वतः मात्र भेगेच्या अलीकडे उभा राहून हात लांब करून पाट्या घेत राहिला. एक, मग दुसरी. प्रत्येक वेळी कोपऱ्यावरून मास्तरांचे हात तेवढे दिसायचे.

मी ओरडले, "अहो, या ना बाहेर! पुरे झालं! माझी शपथ आहे तुम्हाला!"

"आलो गं."

"आत्ता या!"

"एवढी एक. ही निघाली की आलोच."

पाचवी पाटी कासीमच्या हातात आली. मास्तरांचे हात पुन्हा आत गेले. भेग केसाएवढी होती ती बोटाएवढी झाली, मग पंज्याएवढी, आणि कासीमने मला कवेत घेऊन मागे उडी मारली. मोठा आवाज होईल असं वाटलं होतं, पण झाला नाही. दमलेलं माणूस भिंतीला पाठ लावून खाली बसतं तसं देऊळ उभ्याउभ्या खाली बसलं. कळस थोडा वेळ दिसत होता. मग पाणी दिसायला लागलं.

होड्या खूप लांबवर जाऊन आल्या. काही मिळालं नाही.

आणि गंगा थांबली. दुसऱ्या दिवशी थांबलेली, तिसऱ्या दिवशीही. चिंचेच्या झाडाच्या मुळांशी काठ येऊन राहिला आणि पुढे एक ढेकूळ हललं नाही. आख्खी आळी आपापल्या विटांच्या राशींत उभी राहून ते बघत होती. पाऊस पडत होता आणि एकाच्याही डोक्यावर छप्पर नव्हतं. एका गोसाईचं सोडलं तर कुणाचंच घर गेलं नसतं.

मग तोंडं सुटली. "मास्तरांनी आमची घरं मोडली. स्वतः गेले आणि आम्हाला भिकेला लावलं." मी ताडपत्रीखाली बसून ऐकत होते. मोडलीच होती त्यांनी. माझं तर आधी मोडलं.

चौथ्या दिवशी गोसाईने नवं काढलं. गंगेला भूक होती, ती भागली, म्हणून थांबली. भवतारण माणूस नव्हताच, देवाने धाडलेला बळी होता. झालं! चूक कुणाचीच नाही म्हटलं की सगळ्यांनाच झोप लागते. काल शिव्या देणारे आज माझ्या ताडपत्रीपाशी हात जोडायला लागले. बायका येऊन पायांवर डोकं ठेवायला लागल्या.

मी गोसाईला म्हटलं, "मला त्यांची क्रिया करायचीय. सुतक धरायचंय. दिवस सांगा."

तो म्हणाला, "देह मिळाला नाही, वहिनी. शास्त्राप्रमाणे बारा वर्षं वाट बघायची. तोवर तुम्ही सौभाग्यवती."

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

"गंगेने नेलं तो मेला असं म्हणायचं नसतं."

मागून बायका पुढे सरसावल्या. कुणी कुंकू आणलेलं, कुणी लाल काठाची साडी, कुणी शंखाच्या नव्या बांगड्या. "काकी, बांगड्या उतरवू नका हं. तुमच्या कपाळाला कुंकू आहे तोवर गंगा पुढे येणार नाही. गोसाईकाकांनी सांगितलंय. आमच्या पोराबाळांसाठी एवढं करा." त्यांनी माझे हात धरून बांगड्या चढवल्या, भांगात कुंकू भरलं. मी हिसडा मारला तर दोघींनी दंड धरले. आयुष्यभर त्या देवळाची सवत म्हणून काढलं, आता मला गंगेची सवत करून काठावर बांधून ठेवायला निघाले होते. मला रडायचं होतं आणि ह्यांना माझं कुंकू बांधासारखं वापरायचं होतं.

पौर्णिमेला मिरवणूक ठरली. पाच पाट्या नव्या देवळाच्या जागी वाजतगाजत न्यायच्या, पुढे मी, लाल साडीत. पाट्या माझ्याकडेच होत्या. कासीमने त्याच दिवशी आणून ठेवल्या होत्या.

पौर्णिमेच्या सकाळी मी पांढरं नेसले. सुतकात आमच्याकडे एकवेळ स्वतः शिजवून भात खायचा असतो, त्या भाताला नवं मडकं लागतं, ते कुंभाराने दिलं नाही, गोसाईचा धाक. कासीमच्या बायकोने तिचं न वापरलेलं आणून दिलं. मी माझ्या बिनछपराच्या घरात मधोमध तीन पाट्या उभ्या केल्या, चित्रं आतल्या बाजूला, आणि चूल पेटवली. वर मडकं, त्यात अरवा, म्हणजे न उकडता कांडलेला, तांदूळ आणि एक कच्चं केळं.

टाळ-मृदंग वाजवत मिरवणूक आली आणि दाराच्या भगदाडापाशी थबकली. गोसाईच्या हातात फुलांचं तबक होतं. त्याने चुलीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी! अहो, काय करताय हे! ह्याच पाट्यांसाठी भवाने जीव दिला!"

"भाजलेलीच माती आहे. आणखी थोडी भाजली म्हणून काही होत नाही तिला. त्यांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं."

"पण सुतकाचा भात? देह मिळाल्याशिवाय..."

"गोसाई," मी उठून उभी राहिले. "दोन दिवस आधी घर मोडलं असतंत तर आज तो माणूस इथे भात खायला असता. तुम्हाला एकादशी हवी होती. सगळ्यांना सगळं शेवटी हवं होतं. देवाचं घर शेवटी, आणि माणूस त्याच्याही नंतर. आता मला रडायलाही बारा वर्षं थांबा म्हणता? मेलाय माझा नवरा. ऐकलं का सगळ्यांनी? मास्तर मेलाय."

एक बाई पुढे आली, "काकी, पाया पडते, बांगड्यांना तेवढं..." तिचं वाक्य संपायच्या आत मी दोन्ही मनगटं अर्धवट भिंतीच्या कडेवर आपटली. शंख लवकर फुटत नाही. पुन्हा आपटली. मनगटातून रक्त आलं आणि तुकडे खाली पडले.

मला वाटलं होतं, निदान आता तरी कुणी मला धरेल. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. बांगडी फुटल्याचा आवाज झाला आणि सगळ्यांच्या माना एकदम नदीकडे वळल्या, म्हाताऱ्यांच्या, पोरांच्या, गोसाईच्यासुद्धा. श्वास रोखून सगळे काठ बघत राहिले.

काठ काही हलला नाही. पाणी नेहमीसारखं गढूळ वाहत होतं. त्या पाठमोऱ्या माणसांमागे मला तेव्हा पहिल्यांदा रडू फुटलं, मोठ्याने, गळा काढून. भात शिजला होता. रडत रडतच मी मडकं उतरवलं, केळीचं पान मांडलं आणि त्यांच्या नावाचा घास आधी बाजूला काढला.